थंडी थोडी, भट्टी मोठी
वाचकांचे प्रश्न : चूल, बंब, शेगडी

गेल्या अंकात मी एवढंच लिहिलं होतं की आग कमी करायची असेल तर लाकूड कमी घाला, हवा कोंडू नका. त्यावर इतकी पत्रं आली की संपादकांनी या वेळी जागा वाढवून दिली. माझी नोकरी ठाणे-बेलापूर पट्ट्यात बॉयलरवर गेली, त्यामुळे उत्तरं बॉयलरवाल्याच्या भाषेत येतील. सांभाळून घ्या.

प्रश्न : येऊरला आमचा छोटा बंगला आहे. तिथे काचेच्या दाराचा, ओतीव लोखंडाचा लाकडावरचा स्टोव्ह बसवला आहे, आठ किलोवॅटचा. झोपताना तो लाकडांनी गच्च भरतो आणि सकाळपर्यंत चालावा म्हणून हवेची झडप जवळजवळ बंद करतो. सकाळी काच काळीकुट्ट असते, नळीच्या सांध्यातून काळा चिकट रस गळतो, आणि संध्याकाळी स्वयंपाक चालू असताना स्टोव्हचं दार उघडलं तर धूर घरभर होतो. बसवणारा म्हणतो लाकूड वाईट. खरं काय? – एक वाचक, येऊर

उत्तर : लाकूडही वाईट असेल, पण मुख्य दोष झडप बंद करण्यात आहे. आणि त्याच्याही मागे एक कारण आहे : येऊरच्या थंडीला आठ किलोवॅटचा स्टोव्ह लागतच नाही. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा पंधराच्या आसपास किंवा थोडा खाली जातो. एवढ्या थंडीत बेताची खोली ऊबदार ठेवायला एखाद-दोन किलोवॅट पुष्कळ झाले. मग तुम्ही काय करता, मोठा स्टोव्ह घेता आणि त्याचा गळा दाबून त्याला छोटा करता. तुमच्या पहिल्या दोन तक्रारी इथून सुरू होतात.

आत काय चालतं ते बघा. लाकूड तापलं की आधी त्यातलं पाणी उडतं. मग साधारण दोनशे अंशांपुढे लाकूड फुटायला लागतं आणि त्यातून वायू निघतात. सुक्या लाकडाच्या वजनाचा पाऊण हिस्सा, किंबहुना थोडा जास्तच, असा वायू होऊन बाहेर पडतो. तुम्हाला दिसते ती ज्वाळा या वायूची. वायू संपले की मागे राहतो तो निखारा, आणि तो शांतपणे, जवळजवळ ज्वाळेविना जळतो. पाणी, वायू, निखारा : प्रत्येक भरणीत आग या तीन पायऱ्या चढते, आणि प्रत्येक पायरीला हवा वेगळी लागते. निखाऱ्याला हवा खालून किंवा समोरून, त्याच्या अंगाला लागून हवी. वायूला हवा वरून हवी, ज्वाळेच्या उंचीवर, आणि तीही तापलेली. तुमच्या स्टोव्हमध्ये मागच्या भिंतीला वरच्या बाजूला बारीक भोकांची रांग असेल, टॉर्च लावून बघा. ती वरच्या हवेची. काचेवरून खाली उतरणारा हवेचा पडदाही तिथलाच नातेवाईक. काच स्वच्छ राहते ती त्याच्यामुळे.

आता तुम्ही पाच-सहा किलो लाकूड गरम निखाऱ्यावर घातलंत आणि झडप लावलीत. उष्णता आहे, म्हणून वायू निघत राहतात. हवा नाही, म्हणून ते जळत नाहीत. वायू नीट जळायला भट्टीत सहाशे अंशांच्या वर तापमान लागतं, कोंडलेली आग तिथवर पोचतच नाही. न जळलेला वायू नळीत जातो. नळी थंड. साधारण सव्वाशे अंशांच्या खाली धुरातली वाफ आणि डांबरासारखे पदार्थ नळीच्या भिंतीवर जमायला लागतात. तुमचा काळा रस तो हाच. तो नळीत सुकून चकचकीत थर झाला आणि एखाद्या दिवशी जोराची आग घातलीत, तर नळीच्या आत आग लागते. मोटार घोंगावल्यासारखा आवाज येतो, नळी लाल होते. तसं झालं तर स्टोव्हच्या सगळ्या झडपा नि दार बंद करा, माणसांना बाहेर काढा आणि 101 ला फोन करा. तापलेल्या स्टोव्हवर पाणी ओतू नका, ओतीव लोखंड तडकतं.

रस सांध्यातून बाहेर गळतो याचा अर्थ नळ्या उलट्या जोडल्या आहेत. वरच्या नळीचं टोक खालच्या नळीच्या आत जायला हवं, म्हणजे जे काय ओघळेल ते आतल्या आत परत भट्टीत जाऊन जळेल. पुष्कळ फॅब्रिकेटर छपराचे पत्रे चढवताना पावसाचं पाणी डोळ्यांसमोर ठेवतात आणि धुराची नळीही तशीच, वरची बाहेरून, चढवतात. लाकडाला नावं ठेवण्याआधी बसवणाऱ्याला हे विचारा.

संध्याकाळच्या धुराचं कारण तुम्ही स्वतःच लिहिलंय, स्वयंपाक. ओट्यावरची विजेची चिमणी तासाला हजार-बाराशे घनमीटर हवा ओढते असं तिच्या खोक्यावर छापलेलं असतं. खिडक्या बंद असल्या तर ती हवा कुठून येणार? स्टोव्हच्या नळीतून, उलटी. बॉयलरवर आम्ही हा ओढा, म्हणजे ड्राफ्ट, पाण्याच्या मिलिमीटरमध्ये मोजायचो. बाहेर वीस अंश असताना पाच मीटर उंच नळीत दोनशे अंशांचा धूर असेल तर ओढा जेमतेम सव्वादोन मिलिमीटर. नळी साठ अंशांवर असेल तर पाऊण मिलिमीटरच्याही खाली. विजेच्या पंख्यापुढे हे काहीच नाही. चिमणी चालू असताना स्टोव्हचं दार उघडू नका, आणि उघडायचंच असेल तर खोलीची एक खिडकी चार बोटं उघडी ठेवा. येऊरला आणखी एक भानगड आहे. दुपारनंतर पश्चिमेचा वारा डोंगर ओलांडून तुमच्या बाजूला खाली उतरतो आणि उतरताना नळीच्या तोंडात शिरतो. नळी छपरातून निघते तिथून किमान तीन फूट वर असावी, आणि दहा फुटांच्या आतल्या कुठल्याही आढ्यापेक्षा दोन फूट उंच. आडवी नळी आणि कोपर जितके कमी तितकं बरं.

तर आता स्टोव्ह चालवायचा कसा? खाली दोन-तीन जाड फाटे, त्यावर आडवे बारीक, सगळ्यात वर चिपाट्या, आणि काडी वर लावायची. आपल्या हाताला खालून पेटवायची सवय, त्यामुळे पहिल्यांदा हे वेडेपणाचं वाटेल. पण आग वरून खाली उतरली की खालच्या लाकडाचे वायू पेटत्या ज्वाळेतूनच वर जातात, आणि जळून जातात. सुरुवातीला झडप पूर्ण उघडी. नळी तापून ज्वाळा जोमात आली की अर्धी. ज्वाळा निवळ पिवळी, मोकळी नाचती हवी. ती मंद, तांबूस आणि धुरकट झाली तर तुम्ही घाई केलीत, परत उघडा. नळीला चिकटवायचा चुंबकाचा तापमापक मिळतो, तो घ्या. सव्वाशे ते अडीचशे अंशांत काटा ठेवा. ज्वाळा संपून निखारे उरले की ते हवेच्या तोंडाशी ओढून घ्या आणि मग दोन फाटे घाला, झडप परत उघडून. धगधगत्या ज्वाळेवर लाकूड टाकत राहायचं नाही. एक भरणी पूर्ण जळू द्या, मग दुसरी.

चांगल्या स्टोव्हमध्ये एक किलो सुकं लाकूड खोलीला साधारण तीन युनिट उष्णता देतं. तुमच्या खोलीला दीड-दोन तास पुरेल एवढी. झोपण्याआधी शेवटची भरणी छोटी घाला, तिला जळून जाऊ द्या आणि गोधडी घ्या. रात्रभर आग राखायची गरज कुलू-मनालीत पडते. ठाण्यात नाही. आणि निखारे जिवंत असताना झडप पूर्ण कधीच लावू नका. का, ते खाली शेगडीच्या प्रश्नात सांगतो.

प्रश्न : आमच्याकडे आजेसासूबाईंचा तांब्याचा बंब आहे. गच्चीवर ठेवून आंघोळीचं पाणी तापवतो. हल्ली तो फार धुरकटतो, शेजारच्या बिल्डिंगमधून कपड्यांवर काजळी पडते म्हणून ओरडा होतो, आणि लाकूडही खूप जातं. – एक वाचक, घणसोली गाव

उत्तर : बंब विकू नका, आधी वाचा.

बंबाची रचना हुशारीची आहे. मधोमध नळकांडं, भोवती पाणी, खाली जाळी, जाळीखाली राखेचं दार. पण त्यात एक गोम आहे. नळकांड्याच्या भिंतीला पलीकडून पाणी लागलेलं असतं, म्हणून ती भिंत पाण्याच्या उकळबिंदूच्या फार वर जाऊच शकत नाही. ज्वाळा तिला टेकली की विझते आणि काजळी मागे ठेवते. नळकांडं वरून काठोकाठ भरलंत की खालच्या आगीने वरचं लाकूड तापतं, त्याचा वायू सुटतो, आणि त्याला ना हवा मिळते ना जागा. तो तसाच वरून शेजाऱ्यांच्या चादरीवर जातो.

म्हणून मनगटापेक्षा बारीक तुकडे, वीतभर लांबीचे, आणि नळकांडं अर्ध्याच्या वर कधीही भरायचं नाही. दोन मुठी घातले, ज्वाळा खाली बसली, परत दोन मुठी. तुम्ही म्हणाल, बसायला वेळ कोणाला? पण हिशेब करा. वीस लिटर पाणी पंचवीस अंशांवरून साठला न्यायला सुमारे तीन मेगाज्यूल उष्णता लागते. सुक्या लाकडाच्या किलोत साधारण पंधरा असते. बंबाने त्यातली चाळीस टक्के जरी पाण्यात उतरवली तरी अर्धा किलो लाकडात काम होतं. तुमचं यापेक्षा फारच जास्त जात असेल तर ते धूर होऊन जातंय.

जाळी रोज पेटवण्याआधी झाडा. जाळीची भोकं राखेने बुजली की खालची हवा बंद, आणि मग कितीही फुंकलं तरी उपयोग नाही. नळकांडं आतून दर आठवड्याला नारळाच्या काथ्याच्या गुंडाळीने घासा. काजळीचा पातळ थरसुद्धा उष्णता पाण्यापर्यंत जाऊ देत नाही. राखेचं दार पेटवताना पूर्ण उघडं, नंतर अर्धं. पाणी कमी असताना बंब पेटवायचा नाही, झाळलेले सांधे सुटतात; कथील 232 अंशांनाच वितळतं. आणि पावसाळ्यात गच्चीवर जमत नाही म्हणून तो बाथरूममध्ये आणून दार लावून पेटवणारे लोक मी पाहिलेत. तसं अजिबात करू नका.

प्रश्न : सासूबाई चुलीच्या तोंडात लाकडं ठासून भरतात, त्याशिवाय तव्याला धग लागत नाही म्हणतात. मला वाटतं त्यामुळेच धूर होतो. कोण बरोबर? – एक वाचक, करावे गाव

उत्तर : लाकडांच्या बाबतीत तुम्ही. पण भाकरीच्या बाबतीत त्यांच्याकडून शिका. तांदळाची भाकरी तव्यावर असते तेव्हा ज्वाळा लागते, आणि ती उतरवून चुलीच्या तोंडाशी उभी करून फुगवतात तेव्हा निखारा लागतो. जळणाच्या दोन्ही पायऱ्या एकाच वेळी, शेजारी-शेजारी सांभाळणं सोपं नाही. येऊरच्या आमच्या वाचकांनी एकदा कराव्याला जाऊन बघावं.

चुलीचं तोंड लाकडांनी भरलं की हवा जायची कुठून? तोंडात खाली दोन विटांच्या फाकांवर लोखंडी पट्ट्यांची छोटी जाळी आडवी ठेवा. लाकूड जाळीवर, हवा जाळीखालून. लाकडाची फक्त टोकं आत जळत राहावीत आणि जळतील तशी पुढे सरकवावीत. धग वाढवायची तर आत ढकला, कमी करायची तर मागे ओढा. चुलीला याहून चांगली झडप नाही. तव्याच्या आणि चुलीच्या काठाच्या मध्ये करंगळीएवढी फट असू द्या. फट नसली तर ज्वाळा कोंडते, फार असली तर बाजूने निसटते. वैलावर, म्हणजे चुलीच्या बाजूच्या तोंडावर, भांडं नसेल तर वैल झाका, नाहीतर निम्मी धग तिथून जाते. फुंकणी सारखी हातात घ्यावी लागत असेल तर चूल कुठेतरी चोंदलीय असं समजा.

प्रश्न : वाशीच्या फळबाजारातल्या आंब्याच्या पेट्या आणि न्हावाशेवा बंदराकडून येणारे पॅलेट, म्हणजे माल रचायचे लाकडी पाट, स्वस्तात मिळतात. जाळायला चालतील का? आणि पावसाळ्यात लाकूड कसं सुकं ठेवायचं? – एक वाचक, नेरूळ

उत्तर : आंब्याच्या पेट्यांचं लाकूड हलकं, पातळ, भसकन पेटतं आणि संपतं. चिपाट्यांसाठी उत्तम, भरणीसाठी निरुपयोगी. खिळे मात्र काढा, जाळीत अडकतात.

पॅलेटवर शिक्का बघितल्याशिवाय हात लावू नका. परदेशी मालाच्या पॅलेटवर गव्हाच्या लोंबीसारखं चिन्ह असतं आणि शेजारी इंग्रजी अक्षरं. 'एचटी' म्हणजे लाकूड आतपर्यंत किमान 56 अंशांना अर्धा तास तापवून कीड मारलेली, ते चालेल. 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली. ते घरात आणू नका. शिक्का नसेल, तेलाचा किंवा रसायनाचा डाग असेल, तरी नको. प्लायवूड, लॅमिनेट, रंगवलेली दारं हीसुद्धा नकोत. फ्लॅटच्या नूतनीकरणातून हे लाकूड फुकट मिळतं म्हणून लोक बंबात घालतात आणि डिंकाचा धूर पोरांना पाजतात. तसंच तिवराच्या फांद्या, वाळलेल्या असल्या तरी, खाडीतून आणू नका. तिवरतोडीला उच्च न्यायालयाने 2005 पासून मनाई केलीय. येऊरच्या जंगलातलं लाकूडही राष्ट्रीय उद्यानाचं आहे. वखारीतून घ्या, बाभूळ किंवा सुबाभूळ मिळाली तर उत्तम.

सुकं म्हणजे वजनात वीस टक्क्यांपेक्षा कमी पाणी. ताज्या तोडीच्या लाकडात निम्मं वजन पाण्याचं असू शकतं. आता आपल्याकडची अडचण अशी की लाकूड हवेतली ओल पितं. उन्हाळ्यात दहा-बारा टक्क्यांवर आणलेलं लाकूड जुलै-ऑगस्टच्या हवेत नुसतं ठेवलं, एक थेंब पाऊस लागला नाही, तरी वीसच्या आसपास जातं. म्हणून पावसाळ्यात लागणारं लाकूड मार्चलाच फोडून घ्या. फोडणं महत्त्वाचं, साल असलेल्या गोल ओंडक्यातून पाणी निघत नाही. फरशीपासून वीतभर वर, डोक्यावर पत्रा, बाजू उघड्या. निळ्या ताडपत्रीत गच्च गुंडाळलं की आतल्या आत बुरशी येते. जाळायचं लाकूड दोन दिवस आधी घरात आणून ठेवा. दोन फाटे एकमेकांवर आपटा. ठण्ण वाजलं तर घाला, धप्प वाजलं तर थांबा.

प्रश्न : मुलगी बाळंतपणाला आली आहे. फ्लॅटमध्ये खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवून शेक द्यायचा आहे. धूर होऊ नये म्हणून पूर्ण लाल झालेले निखारेच ठेवले, खिडक्या लावून घेतल्या, तर चालेल ना? – एक आजी, ठाणे (पूर्व)

उत्तर : नाही. आजी, हे एक उत्तर मी हात जोडून देतोय.

धूर नाही म्हणजे विष नाही असं नसतं. लाल निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत. तो रक्तात प्राणवायूपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते, आणि बाळंतीण तर दमलेलीच असते, झोपली तर कोणाला संशयही येत नाही. पूर्वी शेगडी ठेवायचे त्या खोल्यांना कौलं होती, कौलांत फटी होत्या, दाराखालून मांजर जाईल एवढी जागा होती. तुमच्या फ्लॅटला रबराच्या पट्टीच्या सरकत्या खिडक्या आहेत. वर एसी लावलात तर तो तीच हवा फिरवतो.

शेक गरम पाण्याच्या पिशवीने द्या. ओवा-बाळंतशेपाची धुरीसुद्धा बाळाच्या खोलीत नको. स्टोव्हच्या झडपेबद्दल वर म्हटलं ते याचसाठी : निखारे असताना झडप पूर्ण लावली की नळीचा ओढा मंदावतो आणि हाच वायू खोलीत उतरू शकतो. घरात कुठेही लाकूड-कोळसा जळत असेल तर कार्बन मोनॉक्साइडचा बॅटरीवरचा अलार्म घ्या.

प्रश्न : खारघरला सातव्या मजल्यावर बाल्कनीतून नळी काढून लाकडाचा स्टोव्ह बसवता येईल का? हौस आहे. – एक वाचक

उत्तर : नाही. तुमच्या नळीचं तोंड आठव्या मजल्याच्या बेडरूमच्या खिडकीत येतं. सोसायटीच्या सभेत हा विषय मांडून बघा, पुरेशी धग मिळेल.

प्रश्न : राख रोज काढायची की राहू द्यायची? – एक वाचक, कळवा

उत्तर : जाळी असेल तर रोज काढा. जाळी नसलेल्या, सपाट तळाच्या स्टोव्हमध्ये बोटभर थर राहू द्या. त्याने निखारे टिकतात आणि तळ जळत नाही. काढलेली राख झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, घराबाहेर, फरशीवर. प्लॅस्टिकच्या बादलीत किंवा कचऱ्याच्या पिशवीत नको, वरून गार दिसली तरी आत निखारा दुसऱ्या दिवशीपर्यंत जिवंत सापडतो. गार झालेली राख ओल्या वर्तमानपत्राच्या बोळ्यावर घेऊन स्टोव्हची काळी काच पुसा, बाजारच्या फवाऱ्यांपेक्षा बरी निघते. कुंड्यांत चिमूटभरच, ती अल्कधर्मी असते, मोगरा पिवळा पडतो.